टीटीच्या इंजेक्शननंतर आईचा दंड सुजलाय, लाली कोपराकडे उतरतेय

विडीकामगाराची लेक, कुंभारी (गुरुवार, रात्री)

आई 58 वर्षांची. विड्या वळते, शुगर आहे. सोमवारी पान कापताना कातर डाव्या बोटात घुसली. जवळच्या दवाखान्यात पट्टी केली आणि उजव्या दंडावर टीटी दिली. मंगळवारी थोडं दुखलं. तेवढं दुखतंच म्हणून ती हजार विड्या पुऱ्या करायला बसली. बुधवारी संध्याकाळी दंड टरटरला. शेजारच्या अक्कांनी चुना-हळद लावली, मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. आज लाली कोपराच्या वर चार बोटांवर आलीय. दंड तापलाय, ठणकतोय, काखेत गोटी लागते, अंगात कणकण आहे. बोट मात्र छान सुकलंय.

दवाखान्यात परत गेलो तर म्हणाले, सगळ्यांना होतं, गोळी घ्या. आई म्हणते, "सुईची सूज आहे, उतरंल. उद्या कारखान्यात माल द्यायचाय." माझ्या जिवाला चैन नाही. थांबू का नेऊ? गेल्या वर्षी खिळा लागला तेव्हापण टीटी घेतलेली, त्यानं असं होतं का?

निवृत्त सिस्टर

ताई, सकाळची वाट बघू नका. तीस वर्षं लसी टोचल्यात मी. सुईची साधी सूज पहिल्या एक-दोन दिवसांत येते आणि तिसऱ्या दिवसापासून ओसरते. तुमच्या आईचं उलटं चाललंय. तिसऱ्या दिवशी सूज आली आणि वाढतेय, वर काखेत अवधाण आणि कणकण. हे कातडीखालच्या संसर्गासारखं आहे, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. शुगर असली की तो झपाट्यानं पसरतो.

निघण्याआधी बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. रेघेच्या बाहेर किती गेलं ते डॉक्टरांना दिसेल. लेप धुऊन टाका. शेकणं, चोळणं, दाबणं बंद. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.

टीटी वरचेवर घेतली तर दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजू शकतो, हे खरं. पण ती सूज बहुतेक पहिल्याच दिवशी येते. आधीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षं आणि मळक्या, खोल जखमेला पाच वर्षं परत लागत नाही. आपल्याकडे खरचटलं की टीटी, ही सवय मोडायला हवी. आता सरकारी केंद्रात टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीपण लस असते.

अशोक चौक

माझ्या वडिलांना असंच झालं होतं. आम्ही सहा दिवस घरीच काढले, आत पू धरला. चिरा देऊन काढावा लागला, महिनाभर ड्रेसिंग चाललं. तेव्हा मी लूमवर डबल पाळी करत होतो, लक्ष दिलं नाही. अजून ते मनात आहे. माल परवा देता येईल, आईला आत्ता न्या. रिक्षा मिळत नसेल तर 108 लावा.

निवृत्त सिस्टर

आणखी एक. लसीनंतर त्रास झाला हे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला किंवा आशाताईंना कळवा. 1800-180-3024 वरही नोंदवता येतं. त्याच दवाखान्यात त्या दिवशी आणखी कुणाला सुई दिली असेल तर त्यांचेही दंड बघायला हवेत.

विडीकामगाराची लेक, कुंभारी (रविवार)

त्याच रात्री सिव्हिलला नेलं. पोचेपर्यंत लाली रेघेच्या बोटभर बाहेर गेली होती. डॉक्टरांनी आधी रेघ बघितली, मग वेळ विचारली. शुगर 340 निघाली. सोनोग्राफीत पू नाही म्हणाले, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, इन्शुलिनपण. काल ताप उतरला. आज लाली रेघेच्या आत आलीय, दंडाच्या कातडीवर सुरकुत्या पडायला लागल्यात. वसाहतीतल्या आशाताईंना सांगितलं. त्या दिवशी टीटी घेतलेल्या आणखी दोघी आमच्याच गल्लीतल्या आहेत, त्यांचे दंड त्यांनी जाऊन बघितले. दोघी बऱ्या आहेत.

सिस्टर, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार लिही."