मदत हवी आहे: रोबोटचा गुडघा तापतोय

मंडळी, भांडुपला घरीच एकट्याने दीड फुटी मानवाकृती रोबोट बनवतोय. दोन पायांवर छान उभा राहतो. एक पाय उचलला की दुसऱ्या गुडघ्याची सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून तिथेच धरून ठेवणारी) थरथरते आणि दोन मिनिटांत हात लावू देत नाही. तिला धरणारी पीएलएची (थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकची) पट्टी काल मऊ होऊन वाकली (पीएलए ६० अंशांच्या आसपासच ढिलं पडतं, चूक माझीच). गुडघ्यावर ३ किलो, भार ६ सेंमी मागे, म्हणजे वळवायचा जोर (टॉर्क) १८ किलो-सेंमी. मोटर २० किलो-सेंमीची, पण तो आकडा मोटर जाम होतानाचा, सतत पेलायचा नाही, हे उशिरा कळलं. आता ३५ची घ्यावी, की टायमिंग बेल्टने (दातेरी पट्ट्याने) २:१ करून, म्हणजे वेग निम्मा आणि जोर दुप्पट करून, हीच चालवावी? मग गुडघ्याचा १८० अंशांचा फेरा ९०वर येईल. चालायला पुरेल ना? आणि लॅमिंग्टन रोडला छोट्या पुली सुट्या मिळतात का? आई रोज विचारते, 'चाललं का रे बाळ?'