१९५१ ची शेवरोले पिकअप : खरा हिरवा कोणता?

मंडळी, मी ओहायोत असतो. शेजारच्या आजोबांकडून १९५१ ची शेवरोले ३१०० घेतली. वरून लाल, पण तो कुणीतरी घरीच मारलाय. ब्रशचे केस अजून रंगात अडकलेत. दाराच्या बिजागरीपाशी खरवडलं तर पांढरा, त्याखाली हिरवा, पण उन्हाने पार विटलेला. पेंटर म्हणतो, कुठलाही हिरवा मारू. मला कुठलाही नकोय.

उत्तर १
कुठलाही नकोच! तेव्हा या पिकअपचा नेहमीचा रंग 'फॉरेस्टर ग्रीन', चांगला गडद. बिजागरी सोडा. पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे आहे ना? ती रिकामी करून उतरवा. मागच्या पत्र्याला ऊन माहीतच नसतं. माझ्या गाडीत तिथे तळहाताएवढा तुकडा निघाला, काल मारल्यासारखा. २००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने, मग पॉलिश, आणि मगच रंग जुळवायचं मशीन लावा. धुळीवर लावलंत तर धुळीचाच रंग मिळेल.

उत्तर २
कोरडं घासू नका हो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारत घासा, चांगला मास्क लावा, पोरांना गॅरेजबाहेर ठेवा.

प्रश्नकर्ता
टाकी काढली! मागे गडद हिरवा, आणि कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ, थेट कारखान्यातला. बायको म्हणाली, हा तर काळाच आहे. टॉर्च मारून दाखवला, तेव्हा पटलं. तो ओघळ मात्र मी घासणार नाही.