भटक्या कुत्रीची नसबंदी: छेद कुशीत की पोटावर?

गल्लीतली_ताई
आमच्या गल्लीतल्या तांबडीची नसबंदी करून तिला परत सोडलं. टाके उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागे. शेजारच्या लॅब्रॅडॉरचे मात्र पोटावर, बेंबीच्या खाली मधोमध. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी कूसच बरी, असं माझं ठाम मत आहे. जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून तिला घरात बसवणारं कुणी नसतं. ती चिखलात, उकिरड्यावर पोट टेकूनच बसणार. कुशीतली जखम मला गॅलरीतून दिसते: सूज आहे का, पाणी सुटलंय का, माश्या बसतायत का. पोटावरची बघायला तिला उलटी कोण करणार? ती अंगाला हात लावू देत नाही. शिवाय कुशीत स्नायूंचे तीन थर, प्रत्येकाची दिशा वेगळी. वरचा टाका उसवला तरी आतडी सहसा बाहेर येत नाहीत.

डॉक्टर_गुरांचा
ताई, जखमेवर लक्ष ठेवण्याचं पटलं. पण टेबलावर काय होतं तेही बघा. उजव्या कुशीतून उजवं अंडाशय सहज हाताशी येतं, डावं पलीकडून ओढून आणावं लागतं. ओढताना रक्तवाहिनीला बांधलेली गाठ निसटली आणि रक्तवाहिनी आत गेली, तर त्या दोन बोटांच्या छेदातून ती शोधायची कशी? मिडलाइनला, म्हणजे पोटावर मधोमध, छेद वाढवला की दोन्ही बाजू डोळ्यांसमोर. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर कुत्री पुन्हा माजावर येते. आणि गाभण असेल किंवा गर्भाशयात पू झाला असेल, तर कुशीतून जाऊच नये. नसबंदी केंद्रात आलेली कुत्री गाभण आहे हे पुष्कळदा पोट उघडल्यावरच कळतं. मी मिडलाइनच करतो.

युट्रेक्टकर
इथे नेदरलँड्समध्ये निरोगी तरुण कुत्रीची फक्त अंडाशयं काढतात, गर्भाशय ठेवतात. अंडाशयं पूर्ण निघाली की पुढे पायोमेट्राची, म्हणजे गर्भाशयात पू होण्याची, भीती जवळपास राहत नाही, छेदही लहान लागतो. काही ठिकाणी दुर्बिणीतूनही करतात. मग तुमचा वाद मिटला की!

डॉक्टर_गुरांचा
मिटत नाही हो. दुर्बीण, पोटात भरायचा गॅस, शिकलेली माणसं, हे पालिकेच्या केंद्रात कुठून आणायचं? आणि इथे काढलेल्या अवयवांवरून शस्त्रक्रियांचा हिशोब तपासतात, त्यामुळे गर्भाशयासकटच काढायची पद्धत आहे. घरच्या कुत्रीसाठी मात्र तुमची पद्धत चांगली, मीही सुचवतो.

गल्लीतली_ताई
डॉक्टर, गाभण कुत्रीचं मान्य, तिथे मिडलाइनच. पण दूध असलेल्या कुत्रीचं काय? पिलं सुटल्यावरही आचळं काही दिवस भरलेली असतात. मधोमध छेद घेतला तर सुजलेल्या आचळांच्या मधूनच जावं लागतं, रक्तही जास्त जातं. रस्त्यावरच्या कुत्र्या एक तर गाभण, नाहीतर लेकुरवाळ्या! म्हणून म्हणते, दोन्ही पद्धतींत हात बसलेला सर्जन हवा. एकच पद्धत येणाऱ्याने सगळ्यांना त्याच टेबलावर झोपवू नये.

डॉक्टर_गुरांचा
दूध असेल तर कूस, हे मीही मानतो. बाकी निरोगी, रिकाम्या कुत्रीला मी अजूनही मिडलाइनच करणार. आतून विरघळणारे टाके घातले की चाटून उसवायला वर काही राहत नाही.

गल्लीतली_ताई
आणि मी अजूनही कूसच मागणार. पुढच्या वेळी गाडी आली की पकडणाऱ्यांना आधी सांगते: मंडईमागच्या काळीची पिलं अजून पितायत, तिला आत्ता उचलू नका.