पासवर्डात % आला की कॉन्फिग वाचताना टूल बंद पडतं

प्रश्न: पायथनमधल्या एका ओपन सोर्स बॅकअप टूलचा बग हाती घेतलाय. आयएनआय फाइलमधला (सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलमधला) पासवर्ड 'आंबा%७२' असा असला की रीड() नीट होतं, पण गेट() वर इंटरपोलेशनसिंटॅक्सएरर येतो. कॉन्फिगपार्सर (ही फाइल वाचणारा पायथनचा क्लास) बनवतानाच इंटरपोलेशन=नन दिलं, म्हणजे % चा खास अर्थ बंद केला, तर चालेल का?

उत्तर १: एरर थांबेल, पण तसं करू नका. % दिसला की कॉन्फिगपार्सर दुसऱ्या कीचा (फाइलमधल्या सेटिंगच्या नावाचा) संदर्भ शोधतो, यालाच इंटरपोलेशन म्हणतात; पुढे % किंवा ( नसेल तर अडतो. संदर्भ गेट() च्या वेळी सोडवले जातात, म्हणून रीड() गप्प राहतं. इंटरपोलेशन सरसकट बंद केलंत, तर पाथमध्ये %(होम)एस (होम या कीची किंमत इथे घाला) असं लिहिणाऱ्यांना तो मजकूर जसाच्या तसा मिळेल आणि बॅकअप भलत्याच फोल्डरात जाईल. फक्त पासवर्ड वाचताना गेट() ला रॉ=ट्रू द्या, म्हणजे तेवढी किंमत इंटरपोलेशनशिवाय मिळेल.

उत्तर २: सहमत. मात्र ज्यांनी एक % मिळावा म्हणून आधीच %% लिहून वाट काढलीय, त्यांना आता दोन % मिळतील आणि लॉगिन फसेल. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) हे ठळक लिहाच. आयटम्स() ने अख्खा सेक्शन वाचत असाल तर तिथेही हाच एरर येईल.

प्रश्नकर्ता: सेटअप विझार्ड सेट() वापरतो. तिथे व्हॅल्यूएरर येतोय.

उत्तर २: सेट() सुद्धा एकटा % नाकारतो. लिहिण्यापुरता इंटरपोलेशन=नन असलेला वेगळा पार्सर ठेवा: त्यात फाइल वाचा, सेट करा, राइट करा. %(होम)एस तसंच टिकतं. कमेंट मात्र राइट() मध्ये उडतात, हे वापरणाऱ्यांना आधी सांगा.