जुनी स्त्री-वार्तापत्रं कुणाच्या घरी आहेत का?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. खान्देशातल्या बायकांपर्यंत पोचलेल्या स्त्री-चळवळीच्या अंकांचा इतिहास मी जळगावात जमवतेय. पुण्याचं 'बायजा' (१९७७), 'मिळून साऱ्याजणी' (१९८९) यांचा माग तरी लागतो. खरी अडचण लेस्बियन बायकांच्या वार्तापत्रांची. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' गट सुरू झाला, पुढे तो 'लेबिया' झाला, आणि त्यांचं 'स्क्रिप्ट्स' हे नियतकालिक निघायचं. असं वाचन बायका एकमेकींच्या हातात देणार, वाचनालयाच्या नोंदवहीत ते चढणार कसं?

आपल्याकडे बायकांचं संघटन काही नवं नाही. सत्तरच्या दशकात शहादा भागात श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली होती. या ओळखीपाळखीतून धुळे, नंदुरबार, भुसावळकडे एखादा अंक आला असणारच, असं मला मनापासून वाटतं.

तर माळ्यावर, आईच्या-मावशीच्या ट्रंकेत बघाल का? मुखपृष्ठ आणि संपादकांची नावं असलेलं पान, एवढ्याचा फोटो पुरे. वाचकांच्या पत्राखालचं नाव आणि पाकिटावरचा पत्ता मात्र आधी झाका. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाआधी, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाच्या काळात, त्या बायकांनी भरवशावर लिहिलेलं आहे ते, आणि तो भरवसा आपण मोडायचा नाही.

अजून एक. माझ्याकडच्या एका अंकाच्या पिना गंजल्यात, घडीवर तांबूस डाग पसरलाय. कागद न फाटता त्या कशा काढायच्या, जाणकार कुणी सांगेल का?