मदत हवी आहे : क्लिपबोर्ड बदलल्याचा संदेश मधेच बंद होतो (विंडोज, सी शार्प)

पऱ्हाटी :
दारव्हा तालुक्यातल्या एका सेवा केंद्रासाठी छोटा प्रोग्राम आहे. अर्ज वर्डमध्ये कृतीदेव ०१० या जुन्या फॉन्टमध्ये (आत इंग्रजी अक्षरं, दिसतात मराठी) टाइप होतात, पोर्टलला युनिकोड लागतो. कॉपी मारली की मजकूर बदलून क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथं राहतं तिथं) परत ठेवायचा, एवढंच काम. विनफॉर्म्स (डॉटनेटची विंडो बनवायची सोय) वापरतो, क्लिपबोर्ड बदलल्याचा संदेश सेटक्लिपबोर्डव्ह्यूअर या विंडोजच्या फंक्शननं घेतो. मशीन विंडोज ७ आणि १०.
घोळ दोन. प्रोग्राम ट्रेमध्ये (घड्याळाशेजारच्या चिन्हांत) टाकला की संदेश येणं बंद. कधी कधी विंडो उघडी असतानाही बंद. आणि ‘नाव, गाव’ पेस्ट केलं की ‘नावए गाव’ उमटतं.

धुऱ्यावरचा :
भाऊ, सेटक्लिपबोर्डव्ह्यूअर आधी काढा. त्यात प्रत्येक प्रोग्रामनं संदेश पुढच्या विंडोला द्यायचा असतो. एखादा न देता अडकला की त्याच्यामागचे सगळे उपाशी. विंडो उघडी असताना बंद पडतो तो यामुळेच.
विंडोज व्हिस्टापासून ॲडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर हे फंक्शन आहे. त्याला विंडोचं हँडल (विंडोजनं तिला दिलेली ओळख) द्यायचं, डब्ल्यूएम_क्लिपबोर्डअपडेट (हेक्स ०३१डी) हा संदेश थेट तुमच्याकडे येतो. पुढे ढकलायची भानगड नाही. त्या संदेशात मजकूर नसतो, दोन्ही पॅरामीटर शून्य. वाचायचं काम आपलं.

पऱ्हाटी :
बदललं. उघडा असताना आता बंद पडत नाही, पण ट्रेमध्ये टाकला की अजूनही गप्प.

धुऱ्यावरचा :
मिनिमाइज करताना शोइनटास्कबार फॉल्स (टास्कबारवर दाखवू नको) करता ना? तिथंच हँडल मोडून नवं बनतं, आणि तुमची नोंदणी जुन्या हँडलवर राहते. फॉर्म (म्हणजे तुमची विंडो) लोडमधून काढून ऑनहँडलक्रिएटेडमध्ये (हँडल बनलं की चालतं) नोंदणी करा, ऑनहँडलडिस्ट्रॉइडमध्ये (हँडल मोडलं की चालतं) ती रिमूव्ह करा.

जुनी टायपिंग :
‘ए’चं कोडं सोपं आहे. कृतीदेवमध्ये स्वल्पविराम ] वर असतो आणि , या कळीवर ए. पहिल्या फेरीत ] चा स्वल्पविराम झाला. तो क्लिपबोर्डवर ठेवल्याबरोबर तुम्हालाच पुन्हा संदेश आला, दुसऱ्या फेरीत त्याचा ए झाला. पूर्णविराम असलेला मजकूर तपासा, तिथं ण् दिसेल.
नुसत्या टेक्स्टवरून फॉन्ट कळत नाही. वर्ड क्लिपबोर्डवर आरटीएफसुद्धा (फॉन्टच्या माहितीसकट मजकूर) ठेवतो, ते वाचा. पण फॉन्टच्या यादीत कृतीदेव दिसलं म्हणून लगेच बदलू नका. यादीत न वापरलेले फॉन्टही असतात. मजकुराआधी कोणता फॉन्ट क्रमांक लागलाय ते बघा, तेवढाच तुकडा बदला. परत ठेवताना फक्त युनिकोड टेक्स्ट ठेवा, सोबत खूण म्हणून स्वतःच्या नावाचा एक फॉरमॅट (डेटाचा प्रकार). तो दिसला की हात लावायचा नाही. क्लिपबोर्डचा मालक तपासून भागेल असं वाटतं, पण डॉटनेटमध्ये मालक म्हणून तुमचा फॉर्म नाही, ओएलईची (विंडोजची प्रोग्रामांत डेटा द्यायघ्यायची सोय) लपलेली विंडो येते.

पऱ्हाटी :
दोन्ही जमलं राजेहो. आता अधूनमधून ‘क्लिपबोर्ड ऑपरेशन यशस्वी झालं नाही’ असा एरर येतो. जास्त करून रिमोटचं सॉफ्टवेअर चालू असताना.

धुऱ्यावरचा :
एका वेळी एकच प्रोग्राम क्लिपबोर्ड उघडू शकतो आणि ते सॉफ्टवेअरही त्याच संदेशावर धावत येतं. संदेश आल्याआल्या वाचू नका. १५० मिलिसेकंदांचा टायमर लावा, नवा संदेश आला की तो पुन्हा पहिल्यापासून. एका कॉपीला दोन-तीन संदेश येतात, तेही यात एक होऊन जातात. मजकूर परत ठेवताना सेटडेटाऑब्जेक्टला १० प्रयत्न आणि १०० मिलिसेकंदांचं अंतर द्या. तरी अडलं तर गेटओपनक्लिपबोर्डविंडो हे फंक्शन क्लिपबोर्ड कोणी धरून ठेवलंय ते सांगतं. मात्र समोरच्यानं विंडो न देता उघडला असेल तर शून्यच मिळतं.