फोन विचारतो, ‘आत्ता कसं वाटतंय?’

प्रश्न (हर्णै): धाकटा भाऊ मनःस्वास्थ्याच्या एका अभ्यासात आहे. मनगटावरचं घड्याळ झोप, नाडी मोजतं. फोन दिवसातून पाचदा विचारतो. काल जाळं निवडताना वाजला. खवले चिकटलेल्या बोटानं त्यानं दहापैकी २ दाबलं. मला मात्र म्हणाला, “बरा आहे.” जीव थाऱ्यावर नाही माझा.

उत्तर: नंतर आठवून सांगताना चुकतं, म्हणून त्या क्षणीच विचारतात. १९७०च्या दशकात पेजर वाजवून हेच करत. नाडीवर जाऊ नका, होडी ओढली तरी ती वाढते. ते २ महत्त्वाचं.

उत्तर: असा २ पाहून अभ्यासवाले लगेच फोन करतीलच असं धरू नका, ते काय करणार हे संमतिपत्रात वाचा. टेली-मानस ही सरकारी मनःस्वास्थ्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

प्रश्नकर्ती: संध्याकाळी जेटीवर शेजारी बसले. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, “झोपच येत नाय गो ताई.” १४४१६ दोघांनी मिळून लावला.